विश्लेषण : विमान तयार, वैमानिक तयार, पण सुटा भाग नाही! अमेरिकी नौदलातील ‘एव्हिएशन स्टोअरकीपर’ हे पद का संपले?

भर समुद्रात विमानवाहू जहाजावर एक लढाऊ विमान उभे आहे. इंधन भरलेले आहे, वैमानिक तयार आहे. मात्र हायड्रॉलिक पंप बिघडला आहे आणि बदली पंप मिळत नाही. अशा वेळी कोट्यवधी डॉलरचे ते विमान डेकवरची अडगळ ठरते. एका सुट्या भागासाठी आगारात अडकून पडलेली एसटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की समुद्रात जवळपास बाजारपेठ नसते. हा भाग वेळेत शोधून देण्यासाठी अमेरिकी नौदलात अनेक दशके एक स्वतंत्र पद होते. २००३ मध्ये ते बंद झाले. का, आणि त्याने काय बदलले?

हे पद नेमके काय होते?

अमेरिकी नौदलात अधिकारी वगळता प्रत्येक नौसैनिकाला हुद्द्याबरोबर त्याच्या कामाचेही नाव मिळते. त्याला ‘रेटिंग’ म्हणतात. कोणी विमानाचे इंजिन पाहतो, कोणी रडार, कोणी भटारखाना. विमानांच्या सुट्या भागांचा साठा सांभाळणाऱ्याचे रेटिंग होते ‘एव्हिएशन स्टोअरकीपर’, थोडक्यात ‘एके’. जहाजाच्या सर्वसाधारण मालाचा हिशेब ठेवणारा ‘स्टोअरकीपर’, म्हणजे ‘एसके’ वेगळा होता. ‘एसके’च्या बाहीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन किल्ल्या असत, तर ‘एके’च्या किल्ल्यांना पंख असत.

त्याची गरज कधी भासली?

दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये अमेरिकी नौदलाकडील विमानांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. १९४५ पर्यंत ती चाळीस हजारांच्या घरात गेली. विमानांच्या प्रत्येक प्रकारासोबत हजारो नवे सुटे भाग आले. हा पसारा एका जागेवरून हाताळण्यासाठी १९४१ मध्ये फिलाडेल्फियात ‘एव्हिएशन सप्लाय ऑफिस’ सुरू झाले. युद्धकाळातच स्टोअरकीपरमध्ये विमान विभागाची वेगळी शाखा तयार झाली. १९४८ मध्ये नौदलाने सर्व रेटिंगची फेररचना केली आणि ‘एके’ हे स्वतंत्र नाव रूढ झाले. पुढे मिसिसिपीतील मेरिडियन येथील तळावर ‘एके’ना प्रशिक्षण दिले जाऊ लागले.

सुटा भाग देणे इतके अवघड का?

कारण दिसायला सारखे असलेले दोन भाग एकच असतील असे नाही. एखाद्या व्हॉल्व्हच्या रचनेत छोटी सुधारणा झाली की त्याचा क्रमांक बदलतो आणि जुना व्हॉल्व्ह नव्या विमानात चालतोच असे नाही. १९७० च्या दशकापासून अमेरिकी लष्करात प्रत्येक वस्तूला १३ अंकी साठा क्रमांक असतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन देशाचा संकेतांक असतात आणि उरलेले सात त्या वस्तूची ओळख. एक आकडा चुकला की विमानाला चुकीचा भाग मिळतो. रबरी सील वेळेत वापरले नाही तर बाद होते, त्यामुळे मुदतीवरही लक्ष ठेवावे लागते.

शिवाय महाग भाग नुसते देऊन चालत नाही. चांगला भाग हवा असेल तर बिघडलेला परत करायचा, असा नियम असतो. या बिघडलेल्या भागाला नौदलाच्या भाषेत ‘कारकस’ म्हणजे चक्क ‘सांगाडा’ म्हणतात. हा सांगाडा आधी जहाजावरच्या कार्यशाळेत जातो. दुरुस्त झाला तर पुन्हा फळीवर येतो, नाही तर किनाऱ्यावरच्या मोठ्या कारखान्याकडे रवाना होतो. तो वाटेत हरवला तर दुरुस्तीची साखळीच तुटते. म्हणून प्रत्येक सांगाडा कुठे आहे याची नोंद ठेवणे हे ‘एके’च्या कामाचा मोठा भाग होते.

आणि भाग जहाजावर नसेलच तर?

मग किनाऱ्यावर तातडीची मागणी जाते. अनेक दशके असा माल ‘सी-२ ग्रेहाउंड’ या छोट्या मालवाहू विमानाने जहाजावर येत असे. तोवर थांबणे शक्य नसेल तर दुसरा मार्ग उरतो : शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा भाग काढायचा. याला ‘कॅनिबलायझेशन’ म्हणतात. त्यात मेकॅनिकचे काम दुप्पट होते. एकदा भाग काढा, एकदा बसवा आणि नवा आला की पहिल्या विमानात पुन्हा बसवा. काढता-घालता चांगला भाग खराब होण्याची भीती असतेच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९९६ ते २००० या आर्थिक वर्षांत तेथील हवाई दल आणि नौदल यांनी मिळून असे सुमारे साडेआठ लाख वेळा केले. गोदामातल्या माणसाचे काम उड्डाणाशी किती जवळून जोडलेले आहे, हे या आकड्यावरून कळते.

मग पदच बंद का केले?

शीतयुद्ध संपल्यावर नौदल आकसले. १९८९ मध्ये सुमारे ५ लाख ९० हजार असलेले मनुष्यबळ २००३ पर्यंत सुमारे ३ लाख ८० हजारांवर आले. दुसरीकडे कार्ड आणि वह्यांची जागा संगणकाने घेतली. मागणी नोंदवणे, साठा तपासणे, हिशेब जुळवणे ही कामे ‘एके’ आणि ‘एसके’ दोघांसाठी बरीचशी सारखी झाली. फिलाडेल्फियातील विमान कार्यालय आणि मेकॅनिक्सबर्गमधील जहाजांच्या सुट्या भागांचे केंद्र १९९५ मध्येच एकाच संस्थेखाली आले होते. वरची कार्यालये एक झाली, तशी जानेवारी २००३ मध्ये खालची पदेही एक झाली. ‘एके’ हे ‘एसके’मध्ये विलीन झाले. किल्ल्या राहिल्या, पंख गेले.

विलीनीकरण तिथेच थांबले नाही. १ ऑक्टोबर २००९ रोजी स्टोअरकीपर आणि टपाल सांभाळणारे ‘पोस्टल क्लर्क’ ही दोन्ही रेटिंग एकत्र करून ‘लॉजिस्टिक्स स्पेशालिस्ट’ हे नवे पद तयार करण्यात आले.

नौसैनिकांसाठी काय बदलले?

फायदा असा, की नेमणुकीच्या जागा वाढल्या. आयुष्यभर विमानतळ आणि विमानवाहू जहाजे पाहिलेल्याला आता विनाशिकेवरही जाता येते. तोटाही त्यातच आहे. पदोन्नतीची परीक्षा रेटिंगनुसार होत असल्याने विमानाचे भाग कोळून प्यायलेल्या माणसाला जहाजाचे सामान आणि नंतर टपालाचे नियमही शिकावे लागले. त्याच जागांसाठी स्पर्धकही वाढले. आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या व्यवस्थेत एकाच कामात मुरलेली माणसे तयार होणे अवघड होते.

नावाला इतके महत्त्व का?

याचे उत्तर २०१६ मध्ये मिळाले. त्या वर्षी सप्टेंबरअखेर नौदलाने सगळीच रेटिंग नावे रद्द करून फक्त हुद्दा ठेवण्याचे जाहीर केले. कामाच्या नावाने हाक मारली जाणे हा नौसैनिकांसाठी ओळखीचा प्रश्न होता. विरोध उसळला. व्हाइट हाउसकडे केलेल्या ऑनलाइन अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. अखेर २१ डिसेंबरला नौदलाने निर्णय मागे घेतला आणि नावे परत आली.

‘एके’ मात्र परतले नाही. ते २००३ मध्येच यादीतून गेले होते.

आज हे काम कोण करते?

लॉजिस्टिक्स स्पेशालिस्ट. विमानवाहू जहाजावर विमानांच्या भागांसाठी पुरवठ्याचा वेगळा विभाग अजूनही आहे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षणही द्यावे लागते. बाहीवरून पंख गेले, तरी विमानाचा भाग हा इतर मालासारखा नाही, हे नौदलाला आजही मान्य करावे लागते. पद संपले, काम संपलेले नाही.