संमतीचा प्रश्न आणि आपली मुले

समोरचा व्यापारी भाव ऐकून गप्प राहिला, तर ते मौन होकार समजून कोणी वहीत सौदा मांडीत नाही. घरात मात्र मुलीच्या विवाहाची बोलणी निघाली की ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपण बिनदिक्कत वापरतो. तरुण मुलांशी या विषयावर बोलावे कसे, असा ज्यांना संकोच वाटतो त्यांनी रखमाबाईंच्या खटल्यापासून आरंभ करावा.

रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या मात्र आईकडेच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दाखविली! न कळत्या वयातील विवाह आपणांस बांधीत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोकमान्य टिळक त्या वेळी विरुद्ध बाजूस होते, हेही मुलांपासून लपवू नये. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या व सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

प्रश्न तेथे मिटला नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे, आणि त्याच्या कलम ९ मध्ये नांदावयास बोलावण्याचा दावा आजही आहे. आपल्या हैदराबादच्याच उच्च न्यायालयात १९८३ साली टी. सरिता प्रकरणी न्या. पी. ए. चौधरी यांनी ते कलम घटनाबाह्य ठरविले. स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय न्यायालयाच्या हुकुमाने होऊ नये, हा त्यांचा रोख. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी प्रकरणात हे मत अमान्य केले.

पाहुणे समोर बसले असता, हाती चहाचा ट्रे घेतलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणता येईल काय? तिला एकांतात विचारावे, अवधी द्यावा, नकाराचा जाब मागू नये. मुलग्यांशी तर हे बोलणे आपण करीतच नाही. समोरची ‘नको’ म्हणाली की थांबावे, कालचा होकार आज गृहीत धरू नये, हे त्यांना वडिलांनीच सांगितले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलामुलींची संमती २०१२ च्या कायद्यापुढे संमती ठरत नाही, हेही. साखरपुड्यानंतर मन फिरले तर? पत्रिका छापल्या, कार्यालय ठरले, अशी सबब पुढे येते. व्यापारात विसार बुडाल्याचे दुःख आपण चार दिवसांत विसरतो.