रक्ताच्या कारखान्यातले राखणदार

कच्चे सोयाबीन दळून कोंबड्यांना घातले, तर पिल्ले नीट वाढत नाहीत. तेच सोयाबीन भाजून किंवा उकडून घातले, की अंगी लागते. असे का व्हावे? आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारी पाचक द्रव्ये असतात. सोयाबीनच्या दाण्यात या द्रव्यांना अडवणारी काही प्रथिने असतात. आच लागली की ती बहुतेक निकामी होतात. अशा प्रथिनांना आपण रोधक प्रथिने म्हणू.

आता गंमत पाहा. अशीच रोधक प्रथिने आपल्या शरीरातही असतात आणि जिथे रक्त तयार होते तिथे त्यांच्यावर मोठी जबाबदारी असते.

रक्ताच्या पेशी तयार होतात हाडांच्या आतल्या मऊ मज्जेत. तिथल्या मूळपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका बनतात. पांढऱ्या पेशींतली एक जात म्हणजे न्यूट्रोफिल. मोठ्या माणसाच्या मज्जेत त्या रोज सुमारे १० हजार कोटी तयार होतात. जंतू शिरला की पहिली धाव यांची. गळवातला पू म्हणजे बव्हंशी या कामी आलेल्या पेशीच!

लढायचे तर हत्यार हवे. न्यूट्रोफिलची काही हत्यारे म्हणजे प्रथिने कापणारी द्रव्येच होत. त्यांतल्या एकाचे नाव इलॅस्टेज. पेशी मज्जेत कच्ची असतानाच ही हत्यारे घडतात आणि तिच्या पोटात लहान लहान पुड्यांत बांधून ठेवली जातात. पण पुडी आतच फुटली तर? सुरी धन्यावरच उलटायची! म्हणून पेशीत एक राखणदार असतो, सर्पिन-बी-१ नावाचा. ज्यांच्या अंगात हे प्रथिन मुळातच नाही असे उंदीर शास्त्रज्ञांनी तपासले. त्यांच्या मज्जेतला तयार न्यूट्रोफिलांचा साठा रोडावलेला आढळला. पेशी बनत होत्या, पण कामावर निघण्याआधीच मरत होत्या. फुप्फुसात जंतू सोडल्यावर या उंदरांचा निभाव लागेना.

हा राखणदार काम कसे करतो? अगदी उंदराच्या सापळ्यासारखे. त्याच्या अंगावर आमिषासारखा एक फास असतो. कापणारे द्रव्य त्याला चावा घेते, तोच सापळा खटकन मिटतो आणि चावणारा त्यात वेडावाकडा होऊन अडकतो. मात्र हा सापळा एकदाच चालतो. म्हणून शरीराला नवे सापळे सतत घडवावे लागतात.

रक्तात फिरणारा असाच मोठा राखणदार म्हणजे आल्फा-१ अँटिट्रिप्सिन. तो मुख्यतः यकृतात तयार होतो. काही जणांत तो जन्मतः फार कमी असतो, हे १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल व एरिक्सन यांनी दाखवले. अशा माणसांची फुप्फुसे इलॅस्टेजने झिजू लागतात. आणि बरं का, तंबाखूचा धूर चांगल्या राखणदारालाही निकामी करतो. विडी ओढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मग राखणदार जितके जास्त तितके बरे काय? तसेही नाही. मूळपेशी मज्जेत जणू दाव्याने बांधलेल्या असतात. ते दावे सैल करण्यात कापणाऱ्या द्रव्यांचाही हात असतो. याचा संबंध एका जीवदायी उपचाराशी आहे. भारतातले पहिले मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. पूर्वी अशा रोपणासाठी दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढीत. आज पुष्कळदा दात्याला चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात. त्याने मज्जेतले राखणदार कमी होतात व कापणारी द्रव्ये मोकळी होतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. इतरही कारणे असतात. पण मूळपेशी रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून यंत्राने गोळा करता येतात. दात्याचे हाड टोचावे लागत नाही, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्याला नवे रक्त मिळू शकते.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी वर्गात हा विषय सोयाबीनपासून सुरू करावा. मुलांना सांगावे, की सुरी वाईट नाही आणि म्यानही वाईट नाही. कोणती केव्हा पुढे यावी, याचा मेळ बसला म्हणजेच रक्त सुदृढ राहते.