चकाकतं ते सगळं वेस्पा नसतं!

परदेशात राहताना रिस्टोअर केलेली जुनी स्कूटर घ्यायचा किडा डोक्यात वळवळतोय? सही! फक्त पाकिटाच्या आधी खिशातून लोहचुंबक काढा...

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा एका कॉफी शॉपबाहेर उभी होती. फिकट पिस्ता रंग, पांढरी सीट, क्रोमचे आरसे. मी जागच्या जागी खलास!

२०२३मध्ये नोकरीसाठी दोन वर्षं हो ची मिन्ह सिटीला गेले. तिथले लोक अजूनही सायगावच म्हणतात. सिग्नल सुटला की दुचाक्यांचा असा लोंढा येतो, की आपला कर्वे रोड एकदम शांत वाटावा. त्या गर्दीत मधूनच एखादी साठच्या दशकातली वेस्पा फटफटत जाते आणि काळजात कळ येते. कारण माझं लहानपण बाबांच्या चेतकवर, पुढे उभं राहून, हँडलला धरून गेलंय.

नातं खरंच जवळचं आहे. विमानांचा इंजिनीअर असलेल्या कोराडिनो डास्कानिओनं डिझाइन केलेली वेस्पा १९४६मध्ये इटलीत आली. पुढे बजाजनं पिआज्जिओच्या लायसन्सवर ती आपल्याकडे बनवली. १९७१मध्ये करार संपला आणि १९७२मध्ये चेतक आली, वेस्पा स्प्रिंटच्याच धर्तीवर. म्हणजे सायगावात मी जिच्या प्रेमात पडले, ती आमच्या चेतकची मावशीच की!

भाव ठरला साडेतीन कोटी डोंग. दचकू नका, आपले साधारण सव्वा लाख रुपये. पन्नास लाख डोंग अॅडव्हान्स देऊन मी ऐटीत बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही.

‘‘फ्रिजवरचं लोहचुंबक आहे का गं तुझ्याकडे?’’

‘‘बाबा, मी स्कूटर दाखवतेय!’’

‘‘म्हणूनच म्हणतोय. उद्या घेऊन जा.’’

खट्, खट्... आणि टप्पकन!

दुसऱ्या दिवशी फोन एका हातात, चुंबक दुसऱ्या. दुकानदार गालात हसत होता. पुढच्या मडगार्डवर लावलं, खट्! डिकीच्या झाकणावर, खट्! मग पाय ठेवायच्या पत्र्यावर लावलं आणि ते घरंगळत खाली आलं.

‘‘परत लाव,’’ बाबा म्हणाले.

परत पडलं. पिस्ता रंगाखाली पत्रा जवळजवळ नव्हताच. नुसती पुट्टी.

आता यातली गोम समजून घ्या. मोटरसायकलला वेगळी चौकट असते. वेस्पाला नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. आणि मागच्या ब्रेकचं पेडल याच पायाखालच्या पत्र्यावर बसवलेलं असतं. म्हणजे तो कुजला, तर ऐन गर्दीत जोरात ब्रेक मारल्यावर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

‘‘अॅडव्हान्स गेला तर जाऊ दे,’’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘‘घेऊ नकोस.’’

अर्ध्या महिन्याचं घरभाडं गेलं. घरी येऊन चक्क रडले. पैशांसाठी थोडी, पिस्ता रंगासाठी जास्त.

नंतर कळलं, यात मी काही पहिली नव्हे. व्हिएतनामच्या दक्षिण भागात वेस्पा आणि लॅम्ब्रेटा भरपूर होत्या. १९७५नंतर सुटे भाग मिळेनात, तेव्हा तिथल्या मेकॅनिकांनी जुगाड करून त्या पळवल्या. कमाल कारागिरी! पण पुढे परदेशी गिऱ्हाईक आलं आणि काहींनी दोन-तीन मोडक्या गाड्यांची एक जोडून, वर झक्कास रंग मारून विकली. युरोप-अमेरिकेत पोचलेल्या अशा कित्येक स्कूटर्सचे सांधे तिथं उघडे पडले.

रंग नको, गंज दाखवा

दुसऱ्यांदा मी उलटा फंडा वापरला. एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले आणि दुभाष्या मैत्रिणीतर्फे सांगितलं, ‘‘रंगवायच्या आधीची दाखवा.’’ त्यानं कोपऱ्यातून एक ध्यान बाहेर काढलं. गंजलेलं, सीट फाटलेली. पण चुंबक चिकटलं! त्यानं माझ्यासमोर सडका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, दर आठवड्याला फोटो पाठवले. तीन महिने लागले. रंग निवडला आमच्या चेतकचा, फिकट निळा.

तुम्ही घेणार असाल तर...

• चुंबक पातळ कापडात गुंडाळून पायाखाली, डिकीच्या मागे आणि स्टेपनीच्या आसपास फिरवा.

• चासी आणि इंजिनचा नंबर कागदांशी स्वतः ताडून बघा. नंबराभोवती ताजं वेल्डिंग दिसलं, तर टाटा-बाय-बाय.

• इंजिन थंड असताना किक मारायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पहिल्या किकला सुरू होणारच.

• टू-स्ट्रोक आहे, ऑइल विसरू नका. माझ्या गाडीला लिटरमागे २० मिली.

• लायसन्स! आपलं इंटरनॅशनल परमिट १९४९च्या कराराचं, व्हिएतनाम मानतं १९६८चं. त्यामुळे ते तिथं चालत नाही. मी रीतसर तिथलं लायसन्स काढलं.

या शेवटच्या मुद्द्यावरून घरात महाभारत झालं. बाबा पहिल्यांदाच परदेशात आले, स्कूटरपाशी गेले, खिशातून चुंबक काढून पायाखाली लावलं. खट्! मग सवयीनं गाडी एका बाजूला झुकवली, किक मारली आणि हँडल धरलं.

‘‘बाबा, तुम्हाला इथं चालवता येणार नाही. लायसन्स नाही.’’

दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग निमूट मागे बसले, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे. पहिल्या सिग्नलपर्यंत त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

‘‘ब्रेक मार गं!’’

मी मारला. गाडी जागेवर थांबली.