रोजची पाच मिनिटे द्या, लेथचा बेड वाचवा! पावसाळ्यात तेल-पाण्याकडे दुर्लक्ष पडेल महागात

भरे (ता. मुळशी) : पिरंगुट, घोटावडे फाटा, भरे या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांसोबत जॉबवर्क करणारे छोटे वर्कशॉपही आहेत. एक-दोन लेथवर घर चालवणाऱ्यांसाठी मशीन म्हणजेच पोटापाण्याचं साधन. खंडेनवमीला लेथला हार घातला जातो, पण वर्षभर तेल वेळेवर मिळालं नाही तर मशीन साइज सोडते, जॉब रिजेक्ट होतो आणि नुकसान मालकाच्या माथी बसते.

बेड का झिजतो?

कॅरेज बेडवर सरकतो. दोघांमध्ये तेलाचा पातळ थर असेल तर लोखंड लोखंडाला घासत नाही. तो थर सुकला आणि त्यात बिडाची पूड मिसळली, की ती पॉलिश पेपरसारखी बेड खाते. बरेच जॉब आखूड असल्याने झीज चकजवळ जास्त होते. मग एकाच जॉबच्या दोन टोकांना वेगळं माप येतं. जिब आवळली तर कॅरेज चकजवळ नीट चालतो, पण टेलस्टॉककडे जाम होतो. मशीनची लेव्हल बिघडली तरी मापात फरक येतो, म्हणून आधी लेव्हल तपासावी. बेड खरोखर झिजला असेल तर मशीन उघडून ग्राइंडिंग करावं लागतं. तेवढे दिवस काम बंद, खर्च वेगळा.

रोज काय करावे?

● मेन स्विच बंद करूनच साफसफाई करा. कीस ब्रशने किंवा आकड्याने काढा, हाताने नाही.
● बेड, क्रॉस स्लाइड कोरड्या कापडाने पुसून तेल लावा. कॅरेज हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.
● तेलाच्या निपलमध्ये ऑइल गनने तेल द्या. लीड स्क्रू आणि टेलस्टॉक विसरू नका.
● हेडस्टॉकच्या काचेत तेलाची पातळी खुणेपर्यंत आहे का पाहा. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं समजा. कारण शोधून तेल बदला.

आठवड्यातून एकदा चेंज गियर साफ करून वंगण द्यावे, बेल्टचा ताण पाहावा आणि कॅरेजच्या टोकांचे वायपर धुवावेत. वायपर कडक झाले असतील तर बदलावेत. हवेच्या पाइपने बेड साफ करणे टाळावे; प्रेशरने बारीक कीस वायपरखाली शिरतो.

जळकं ऑइल नकोच

‘गाडीचं जळकं ऑइल चालतंय की’ असं अनेकजण म्हणतात. पण त्यात काजळी आणि धातूचे बारीक कण असतात, म्हणजे झीज थांबण्याऐवजी वाढते. बेडसाठी ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल बहुतेक ठिकाणी वापरतात. हेडस्टॉकसाठी मशीनच्या प्लेटवर किंवा पुस्तकात दिलेला ग्रेडच घ्यावा. बेडवर ग्रीस लावू नये, त्याला कीस चिकटून राहतो.

पावसाळ्यात विशेष काळजी

मुळशीचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि उघड्या बेडवर एका रात्रीतही गंज धरू शकतो. संध्याकाळी कूलंट पुसून घ्यावं, कारण ते बेडवरचं तेल धुऊन नेतं. मग तेलाचा हात फिरवून मशीन झाकावी. ओलं गोणपाट टाकू नये. सुट्टीच्या आदल्या दिवशी तेलाचा थर जरा जाड द्यावा.

कूलंट करताना आधी पाणी घेऊन त्यात तेल ओतावे. साधारण २० भाग पाण्याला १ भाग तेल हे प्रमाण अनेक कामांना चालते, तरी डब्यावरची सूचना पाहावी. वास येऊ लागला तर टाकी धुऊन कूलंट बदलावे.

काढलेलं तेल ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यावे.

मशीनजवळ एक वही टांगून ठेवा. तेल कधी दिलं, कधी बदललं याची तारीख लिहा. कामगार बदलला तरी मशीनची काळजी घेणं थांबत नाही.