रंगीत बाटल्यांची पारख

जुन्या घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरून धुळीने माखलेली एखादी बाटली हटकून खाली येते. उन्हात धरताच तिचा गर्द निळा किंवा मधासारखा पिंगट रंग असा झळकतो, की घरच्या मंडळींना घबाडच हाती लागल्यासारखे वाटावे. उलट एखाद्या घरी तीच बाटली डबाबाटलीवाल्याच्या पोत्यात जाते. हा हर्ष आणि ही उपेक्षा, दोन्ही सारखीच अज्ञानमूलक होत. रंगावरून बाटलीचे वय ठरत नाही आणि मोलही ठरत नाही. ते ठरते, ती कशी घडली याच्या खुणांवरून.

रंग येतो कोठून? काचेच्या वाळूत लोहाचा अंश असतोच. त्यामुळे काचेला आपोआप हिरवट-निळसर झाक येते. कोबाल्टने गर्द निळा रंग चढतो. लोह, गंधक आणि कर्ब यांच्या संयोगाने पिंगट रंग येतो. मद्याच्या जुन्या ‘काळ्या’ बाटल्या प्रकाशासमोर धरल्या, तर बहुधा गडद शेवाळी निघतात. ही द्रव्ये आजच्या कारखानदारालाही सुलभ आहेत. तेव्हा केवळ निळा रंग पाहून प्राचीनत्वाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

म्हणून जाणकार प्रथम बाटली उलटी करतो. फुंकून केलेली बाटली तोंड घडवताना बुडाशी लोखंडी कांबीवर चिकटवून धरीत. कांब तोडली की तेथे खरबरीत व्रण राही. इंग्लंड-अमेरिकेत १८६० नंतर बुडाला धरणाऱ्या चिमट्याचा प्रघात वाढला आणि साध्या बाटल्यांवरचा हा व्रण हळूहळू नाहीसा झाला. नंतर पाहावयाची ती साच्याची शिवण. तोंड हाताने घडवलेल्या बाटलीत ही शिवण मानेवर विरते. यंत्राच्या बाटलीत ती ओठावरून थेट कडेपर्यंत जाते. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास बाटल्या करणारे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले. त्यापुढील दोन दशकांत हातकाम मागे पडले. अर्थात एका खुणेवर विसंबू नये. साच्यात फिरवून काढलेल्या बाटलीवर शिवण उमटतच नाही.

घाटही फसवतो. आपल्याकडील गोटी सोड्याची बाटली पाहा. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० नंतरच्या काही वर्षांत ती सिद्ध केली. सोड्यातील वायूच्या दाबाने आतली काचेची गोटी तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट बसते, हे तिचे मर्म. भारतात हा घाट पुढे दीर्घकाळ वापरात राहिला. म्हणून गोटी आहे एवढ्यावरून बाटली शतकापूर्वीची ठरत नाही. या जातीत फिकट हिरवट-निळसर बाटल्या विपुल. गर्द निळी किंवा पिंगट मात्र विरळा.

मोलाचे सूत्र येथेच सापडते. विशिष्ट जातीच्या बाटलीत तो रंग किती दुर्मिळ, हा खरा प्रश्न. अमेरिकेत मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या निळ्या बाटल्या इतक्या निघाल्या, की त्यांना सहसा अल्पच किंमत येते. त्याखेरीज उठावाची अक्षरे, औषधविक्रेत्याचे नाव, अभंग ओठ आणि सापडल्या ठिकाणाची माहिती यांनी मोल वाढते. टवका, तडा आणि मातीत राहून आलेला पांढुरका मळभ यांनी ते घटते.

विषाच्या बाटल्यांची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकात त्या मुद्दाम निळ्या किंवा हिरव्या, षट्कोनी आणि उभ्या रेघांच्या केल्या जात. दिव्याच्या मंद उजेडात औषधाऐवजी विषाला हात लागला, तर बोटांनाच इशारा मिळावा, हा हेतू! अशा बाटलीच्या तळाशी काही उरले असल्यास हुंगून पाहू नये. विष जुने झाले म्हणून निरुपद्रवी होत नाही.

शेवटी फसवणुकीविषयी. काच वर्णहीन करण्यासाठी पूर्वी मँगनीज घालीत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली, की फिकट जांभळी होते. हाच पालट किरणोत्साराने अल्पकाळात घडवून गडद जांभळ्या बाटल्या चढ्या दराने विकल्या जातात. असा रंग चढवला, की त्या बाटलीचा मूळ पुरावा पुसला जातो. म्हणून बाटली हाती येताच तिला घासूनपुसून लखलखीत करण्याची घाई नको. कोमट पाण्याने हलकेच धुवावी, कोठे सापडली त्याची नोंद ठेवावी आणि मग तिचे बूड, शिवण व ओठ निरखावेत. तिला घडवणाऱ्या अनाम कारागिराची साक्ष तेवढ्याच ठिकाणी उरलेली असते.