चौकटीत मावलेली खोली

फेअरवेलचं कार्ड, मित्राच्या बर्थडेची स्टोरी, घरच्या गणपतीचं आमंत्रण. सगळं आता ॲपमधल्या टेम्प्लेटवर होतं. फोटो टाका, नाव बदला, पाठवा. तुमच्या ग्रुपवर या महिन्यात आलेली कार्डं जरा आठवून बघा. एखादं तरी लक्षात राहिलंय?

मागच्या महिन्यात असंच एक काम माझ्या गळ्यात पडलं. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीय. खोल्या रिकाम्या करण्याआधी गॅलरीत सगळ्यांनी एकदा जमायचं ठरलं आणि ‘तुमची मुलगी मास कॉमवाली ना’ म्हणून आमंत्रण माझ्यावर ढकललं गेलं. हाताशी होता चाळीतल्या मंडळींचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट ग्रुप फोटो आणि आमच्या खोलीची पितळी चावी. त्यातून केली शॅडोबॉक्स फ्रेम. तीनदा चुकले. तुम्ही एकदाच चुकावं म्हणून हा प्रपंच.

शॅडोबॉक्स म्हणजे खोल फ्रेम. साध्या फ्रेममध्ये काच फोटोला चिकटलेली असते. इथे काच आणि पाठ यांच्यामध्ये इंच-दोन इंच जागा असते, त्यामुळे आत पदक, शिंपला, बाळाचा पहिला बूट असं काहीही मावतं आणि प्रत्येक वस्तूची सावली मागच्या पाठीवर पडते. जोसेफ कॉर्नेल (१९०३-१९७२) हा अमेरिकन कलाकार तर अशा पेट्यांसाठीच ओळखला जातो. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस जुने नकाशे, काचेचे पेले, चित्रांची कात्रणं पेटीत मांडायचा. इंटर्नशिप करता करता हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आपल्याला हीच पेटी स्क्रीनवर करायचीय. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर ब्राउजरमध्ये उघडणारं फोटोपी आहे, फुकटातलं गिम्प आहे. माझा लॅपटॉप म्हातारा, त्यामुळे गिम्प आणि तेही जुनं व्हर्जन. कार्ड पुढेमागे छापायचं असेल तर ए-फाइव्ह आकार ३०० पीपीआयला घ्या, म्हणजे १७४८ बाय २४८० पिक्सेल. फक्त स्टोरी टाकायची असेल तर १०८० बाय १९२० पुरे.

आता लेयर. सगळ्यात खाली पेटीची पाठ, म्हणजे कागदाचं किंवा कापडाचं टेक्स्चर. मी आमच्या भिंतीच्या पोपडे आलेल्या निळ्या रंगाचाच फोटो काढला. त्यावर ग्रुप फोटो, त्यावर वस्तू, सगळ्यात वर चौकट. चौकटीच्या लेयरवर मधला आयत सिलेक्ट करून डिलीट केला की खिडकी तयार. गिम्पमध्ये आधी लेयरला अल्फा चॅनेल जोडा, नाहीतर खिडकीऐवजी पांढरा ठोकळा मिळतो. माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

वस्तूंचे फोटो नेटवरून उचलू नका. दुसऱ्याचा फोटो वापरण्याचा प्रश्न आहेच, पण मुळात तुमच्या आठवणीत कुणा परक्याची चावी कशाला? वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवा आणि खिडकीजवळ, ऊन थेट पडत नसताना फोटो काढा. उन्हात काढला तर वस्तूची खरी सावली फोटोत येते आणि ती नंतर आपल्या सावलीशी भांडत बसते. कापताना मॅजिक वाँडच्या नादी लागू नका. पितळ चमकतं, ती चमक वाँडला कागदच वाटते. पाथ टूलने कडेकडेने क्लिक करत जा. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावून करा.

खरा खेळ सावलीचा. पाठीला चिकटलेल्या वस्तूची सावली छोटी आणि धारदार असते, पाठीपासून लांब असलेल्या वस्तूची मोठी आणि पसरट. म्हणून फोटोला मी ५ पिक्सेल सरकवलेली, जेमतेम ८ ब्लरची सावली दिली, चावीला १५ आणि २०, चौकटीला ४० आणि ६०. हे आकडे ए-फाइव्हचे, स्टोरीच्या आकाराला साधारण अर्ध्यावर आणा. रंग कुट्ट काळा नको. पाठीच्याच रंगाची गडद छटा घ्या, अपारदर्शकता ४०-५० टक्के. काळी सावली स्क्रीनवर खपून जाते, छापल्यावर मात्र काजळ सांडल्यासारखी दिसते.

पेटीच्या आतल्या चार भिंतीही काढा, चार तिरक्या पट्ट्या. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरलं तर वरची आणि डावी भिंत गडद, खालची आणि उजवी उजळ. हे उलटं झालं की पेटी खोल जायच्या ऐवजी वडीसारखी फुगून बाहेर येते. उजेड वरूनच येणार हे आपल्या मेंदूने गृहीत धरलेलं असतं, म्हणून. चंद्रावरच्या विवराचा फोटो फोनवर उलटा करून बघा, खड्ड्याची टेकडी होते.

एवढं जमवून मी मोठ्या ऐटीत ड्राफ्ट चाळीच्या ग्रुपवर टाकला. हार्ट, अंगठे, फुलं. आणि शेजारच्या काकूंचा फोन. “छान झालंय गं. पण मी कुठाय?”

मूळ फोटो काढून बघितला. अगदी डाव्या कडेला, खांबाला टेकून उभी असलेली दोन वेण्यांची मुलगी. माझ्या चौकटीने तिला सफाईने कापलं होतं. “लहानपणीचा माझा तेवढाच एक फोटो आहे,” काकू म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी त्या मुलीला चाळीतली कुणीतरी म्हणूनसुद्धा बघितलं नव्हतं. ती माझ्यासाठी फोटोची कड होती.

सोपं आहे म्हटलं, खिडकी मोठी करू. केली. तर काकू आल्या, पण चौकटीची सावली बरोब्बर त्यांच्या चेहऱ्यावर. उजेड डावीकडून म्हटल्यावर डाव्या कडेला अंधार असणारच. सावली फिकी केली तर पेटी सपाट होत होती. फोटो आरशासारखा उलटा करावा असंही क्षणभर मनात आलं. पण मग जिना भलत्या बाजूला गेला असता आणि चाळीतल्या आजोबांनी मला त्याच जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

मग फोटो नीट बघितला, बहुधा पहिल्यांदाच. सगळ्यांच्या डाव्या गालावर अंधार पडलाय? छे, उजव्या. म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडून, गॅलरीच्या मोकळ्या बाजूने उजेड येतोय. त्या उजेडाशी माझ्या पेटीचा उजेड पहिल्यापासून विसंगतच होता. पेटीतही उजेड उजवीकडून आणला की काकूंचा चेहरा मोकळा होणार होता.

पण माझ्या जुन्या गिम्पमध्ये ड्रॉप शॅडो लेयरमध्ये विरघळून जाते, परत सुटी होत नाही. सगळे लेयर पुन्हा केले, रात्री दोनपर्यंत. तुम्ही एक तर २०२५ च्या मार्चमध्ये आलेलं गिम्प ३.० घ्या, त्यात सावली नंतरही बदलता येते, नाहीतर सावली देण्याआधी प्रत्येक लेयरची कॉपी ठेवा. फोटोशॉपवाल्यांची चैन आहे. ग्लोबल लाइट चालू ठेवलं की एक कोन बदलला, सगळ्या सावल्या वळल्या.

मजकुरासाठी मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, दोन्ही देवनागरीत देखणे. फोटोशॉपमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटली तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडा. मूळ फाइल लेयरसकट जपा, पाठवायला पीएनजी करा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर इतक्या मेहनतीची सावली कॉम्प्रेस होऊन तिचे पट्टे दिसतात.

काकूंनी ते कार्ड लगेच डीपी ठेवलं. डीपी गोल असतो. गोलात सध्या आमची चावी आणि मधले चार काका दिसतायत, डावी कड पुन्हा बाहेर. त्यांच्यासाठी चौकोनी आकारात, त्या मुलीला मधोमध घेऊन वेगळी पेटी करायला घेतलीय. उजेड उजवीकडूनच.