रॅम बसली, पण लॅपटॉप उठला नाही

दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप हल्ली ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की धापा टाकायला लागतो. 'रॅम टाकून घे,' असं मग कुणीही सांगतं, आणि सल्ला बहुधा बरोबरच असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर समोरून पहिला प्रश्न येतो, 'कोणती?' तिथे नुसतं 'आठ जीबी' सांगून भागत नाही.

इंटेलची चौथ्या पिढीची 'हॅसवेल' चिप २०१३ मध्ये आली. ती असलेला लॅपटॉप उदाहरणादाखल घेऊ. त्याची रॅम डीडीआर३ पिढीची: जेमतेम पावणेसात सेंटिमीटर लांबीची पट्टी, कडेला २०४ सोनेरी पिना आणि मध्ये एक खाच. प्रत्येक पिढीत ही खाच मुद्दाम थोडी सरकवलेली असते. त्यामुळे २६० पिनांची डीडीआर४ या स्लॉटमध्ये शिरतच नाही, तिथे फसगत व्हायचं कारण नाही. खरा घोळ होतो डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. लांबी तीच, पिना तेवढ्याच, खाचही त्याच जागी. पट्टी खट्कन बसते, बटण दाबल्यावर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

फरक आहे व्होल्टेजचा. साध्या डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, 'एल'वालीला १.३५. हॅसवेलचे बहुतेक लॅपटॉप १.३५च पुरवतात. एवढ्याशा कपातीसाठी हा खटाटोप का? या मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. कपॅसिटर म्हणजे तळाला भोक असलेला रांजण, त्यातला विद्युतभार सतत झिरपत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मेमरी वाचून पुन्हा भरावी लागते. लॅपटॉप 'स्लीप'मध्ये टाकून तुम्ही जेवायला बसलात तरी हे भरणं चालूच. त्यात खर्च होणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.५ वरून १.३५ वर आलं की ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही बचत थोडीथोडकी नाही.

उलट बाजूने मात्र अडचण नाही. 'एल' पट्टी १.५ व्होल्टवरही चालावी असं मानकातच ठरलेलं आहे. शंका असेल तर सरळ 'एल' घ्यावी.

आता पट्टीवरचा स्टिकर वाचू: '८जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस'. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी. १२८०० म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबाइट. यालाच दुकानात '१६००ची रॅम' म्हणतात. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असले तरी चालतं. प्रत्येक पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिची माहिती नोंदलेली असते. लॅपटॉप सुरू होताना ती वाचतो आणि दोघींना हळूवालीच्या चालीने चालवतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो '२आरएक्स८'. याचा अर्थ आठ-आठ चिपांचे दोन संच, म्हणजे सोळा चिपा, प्रत्येकी अर्ध्या जीबीच्या. तिथे '१आरएक्स८' असेल तर चिपा आठच, पण प्रत्येक एक जीबीची. एवढ्या दाट चिपा इंटेलच्या कोअर मालिकेला चौथ्या पिढीपर्यंत ओळखताच येत नाहीत. क्षमता तीच, व्होल्टेजही बरोबर, तरी स्क्रीन काळी! माझ्या मते पैसे मोजण्याआधी पट्टी उलटसुलट करून चिपा मोजणं किमतीची घासाघीस करण्यापेक्षा महत्त्वाचं.

विंडोज ३२-बिट असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपला. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये किती स्लॉट भरलेत ते दिसतं. आणि रॅम निम्मी रिकामी असूनही लॅपटॉप रखडत असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्डडिस्कचा. तिथे एसएसडी बसवा.

वापरलेली रॅम घेतली असेल तर 'मेमटेस्ट८६+' हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली, तर पट्टी परत करावी.